शेणाच्या गॅसवरची भाकरी

ऐंशीच्या दशकात मी धुळ्याच्या आसपासच्या खेड्यांत गोबरगॅसचा प्रचार करत फिरायचो. एका घरी गॅस नुकताच सुरू झाला होता, पण शेणाच्या गॅसवरची भाकरी नको म्हणून सासूबाई दोन दिवस उपाशी होत्या. मी धूर, डोळे, जंगलतोड सगळं समजावलं. त्यांनी तोंड फिरवलं.

सून शांतपणे भाकरी थापत होती. गोवऱ्यांच्या धुरामुळे पदराने डोळे टिपायची तिला सवय लागली होती. आता धूर नव्हता, तरी ती मधूनच डोळे टिपायची.

"माय," ती हळूच म्हणाली, "आपली गवरी बी शेणनीच शे ना?"

सासूबाई हसल्या आणि त्यांनी ताट पुढे ओढलं.

सुनेचं नाव मी विचारलं नाही. पुढे गावोगावी मात्र तिचाच प्रश्न विचारत राहिलो.