पलाऊचा करार आणि माझे कागद

लातूरला एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये मी चालू घडामोडी शिकवायचे. वर्ग खाली, मुलींचं वसतिगृह वरच्या मजल्यावर, आणि त्यातच एक खोली माझी. संध्याकाळी सातला फाटकाला कुलूप लागायचं. बाहेर जायचं तर वहीत कारण लिहून सरांची सही घ्यावी लागे.

सर म्हणजे क्लासचे मालक. माणूस वाईट नव्हता. मी बिलोलीहून आले तेव्हा शहरात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. त्यांनी काम दिलं, राहायला जागा दिली. मला डेंग्यू झाला तेव्हा महिनाभर त्यांच्या घरून डबा आला. माझे वडील तहसील कचेरीतून निवृत्त झालेले शिपाई. त्यांना सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पोरगी आता आमची जिम्मेदारी." वडिलांचे डोळे भरून आले होते. त्याच बैठकीत मी तीन वर्षांच्या करारावर सही केली आणि दहावीपासून बीएडपर्यंतची माझी सगळी मूळ कागदपत्रं सरांच्या लोखंडी कपाटात गेली. मला तेव्हा बरंच वाटलं. कागद नीट राहतील.

दीड वर्षानं शिक्षक भरतीत माझी निवड झाली. मंगळवारी नांदेडला कागदपत्रांची पडताळणी होती, मूळ प्रतींसह. मी पेढे घेऊन सरांकडे गेले. त्यांनी पेढा खाल्ला, पाठ थोपटली आणि म्हणाले, "पण करार तीन वर्षांचा आहे ना, बेटा? बॅच अर्ध्यावर टाकून जाणार? पुढच्या भरतीला बघू. तोवर कागद आहेत इथं, कुठं जात नाहीत."

मी 'हो सर' म्हणून बाहेर आले. खोलीत बसून मला स्वतःचाच राग येत होता, पण परत खाली जायचं धाडस होईना. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "सरांचं मन मोडू नको माय. आजारात त्यांनीच बघितलं तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात पलाऊ हा देश घ्यायचा होता. प्रशांत महासागरातली शेकडो छोटी बेटं, लोकसंख्या आपल्या शेजारच्या औशाहूनही कमी, चलन अमेरिकेचा डॉलर. स्वतःचं सैन्य नाही. संरक्षण अमेरिका बघते, त्यासाठी दोघांत करार आहे. पलाऊचे लोक व्हिसाशिवाय अमेरिकेत राहू शकतात, काम करू शकतात, तिथल्या सैन्यात भरती होतात. बदल्यात तिथल्या समुद्रात दुसऱ्या कुणाचं सैन्य येऊ द्यायचं की नाही, ते अमेरिका ठरवते. या करारावर पलाऊच्या लोकांनी पुन्हापुन्हा मतदान केलं, पुरेशी मतं पडेनात. शेवटी किती मतं हवीत याची अटच सैल केली तेव्हा तो मंजूर झाला. मी हे सगळं फळ्यावर मुद्दे काढून सांगत होते.

पहिल्या बाकावर किल्लारीच्या एक ताई बसायच्या. दोन लेकरं सासूकडे ठेवून रोज जीपनं यायच्या. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, मग हा देश स्वतंत्र हाय का न्हाई?"

"स्वतंत्र आहे. संयुक्त राष्ट्रांचा सदस्य आहे."

"आन करार मोडायचा म्हणला तर?"

मला माहीत नव्हतं. बघून सांगते म्हणाले. खडू ठेवला आणि पुढचा मुद्दा न घेताच फळा पुसला. काहीतरी बिनसलंय हे ताईंच्या लक्षात आलं असावं. तास संपल्यावर त्या थांबल्या, आणि वडिलांशिवाय कुणाला न सांगितलेलं सगळं त्यांना सांगून बसले.

त्या म्हणाल्या, "कागदं कुणाच्या नावाची हाईत?"

"माझ्या."

"मग मागा की. मी येते संगं."

आम्ही दोघी सरांच्या केबिनमध्ये गेलो. मी म्हणाले, "सर, मला करार दाखवा. त्यात कागद ठेवून घ्यायचं कुठं लिहिलंय?" त्यांचा चेहरा पडला. चिडले नाहीत, दुखावले. त्यांनी माझ्यासमोरच वडिलांना फोन लावला, स्पीकरवर. "तुमची पोरगी माझ्याकडं हिशोब मागायला आलीय," म्हणाले.

 पलीकडून वडील म्हणाले, "सर म्हणतेत तसं कर."

मला वाटलं, संपलं आता. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी उठले नाही, एवढंच मी केलं. खुर्चीत बसून राहिले. पुढच्या तासाची घंटा झाली, वरून मुली डोकावून गेल्या, सरांचा चहा आला आणि गार झाला. "जा, वर्ग घे," ते दोनदा म्हणाले. मी म्हणाले, "कागद घेतल्याशिवाय नाही जात सर." आवाज रडवेला होता; ठाम वगैरे काही नव्हता.

दुपार झाली तेव्हा त्यांनी कपाट उघडलं, फाइल टेबलावर टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला उभं कुणी केलं, ते विसरू नको."

विसरले नाही. मंगळवारी नांदेडला पडताळणी करून आले. बॅच संपेपर्यंत मी शिकवलं, कारण नेमणुकीचा आदेश यायला तेवढा वेळ लागलाच. ताईंच्या प्रश्नाचं उत्तरही शोधून वर्गात सांगितलं: करार संपवता येतो, त्याची रीत करारातच आहे, पण संरक्षणाची काही कलमं त्यानंतरही चालू राहतात.

आता मी बिलोली तालुक्यातल्या एका शाळेत आहे आणि वडिलांच्या घरी राहते. वडील दोन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. नंतर एका सकाळी त्यांनी माझी स्कूटी पुसून दारात लावली. मी निघाले तशी त्यांनी विचारलं, "किती वाजता येशील?"

"पाचला."

"साडेचारला ये," ते म्हणाले, आणि मी मान डोलावली.