पाच वाजायच्या आत

हे मी आजवर कोणापुढे काढलेलं नाही. बायकोपुढे नाही, मुलीपुढे नाही, थोरल्या भावापुढे तर नाहीच. तुमच्यापुढे काढतोय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही. तुम्ही समोर दिसत नाही म्हणून असेल. माईकवाल्याला न दिसणाऱ्या माणसांशीच बोलायची सवय असते.

मी रफिक. लातुरात आमचं लाऊडस्पीकरचं दुकान. लग्न, उरूस, गणपती, शाळेचं गॅदरिंग — सगळीकडे आमचेच भोंगे. पण खरा हंगाम एकच. निवडणूक. त्यातही लोकसभेची. आजही आचारसंहिता लागल्याची बातमी आली की माझ्या तळहाताला घाम सुटतो. जेवण जात नाही. साठी उलटलीय, गुडघे धरतात, तरी प्रचाराची गाडी गल्लीत शिरली की मी उठून दारात जातो. मुलगी हसते. हसू दे.

आमच्या मतदारसंघाचा इतिहास मला तोंडपाठ आहे. निजामाचं राज्य गेलं आणि पहिली निवडणूक आली, तेव्हा अब्बा तरुण होते. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. अब्बा बैलगाडीत बॅटरी आणि भोंगा घालून गावोगाव फिरले. लोक म्हणे भोंग्याच्या तोंडात वाकून बघायचे, आत माणूस बसलाय का म्हणून. मग आणीबाणीनंतरची निवडणूक — कोणी उघड बोलत नव्हतं, आणि आतून सगळा मुलूख हललेला. मग लाटा आल्या, लाटा ओसरल्या. कधी न हरणारे हरले. तालुके इकडचे तिकडे गेले, शिक्का गेला, बटण आलं. हे मी सांगायला लागलो की समोरच्याच्या हातातला चहा गार होतो. खोटं नाही सांगत.

खोटं — हा शब्द आलाच बघा.

या इतिहासात एक निवडणूक अशी आहे, की तिच्यापाशी आलो की मी खोटं सांगतो. दर वेळी. आणि इतकं छान सांगतो, की ऐकणाऱ्याला तोच भाग सगळ्यात पटतो.

त्यासाठी आधी भूकंपाचं सांगायला पाहिजे. भूकंप झाला तेव्हा मी तिशीच्या आतला. बातमी कळली तशी जीपवर दोन भोंगे बांधले आणि निलंग्याच्या बाजूला निघालो. कोणी बोलावलं नव्हतं. जाऊन काय करणार, तेही माहीत नव्हतं. पहिल्याच गावात एक बाई दगडांच्या ढिगावर उभी राहून ओरडत होती, पण तोंडातून आवाज येत नव्हता. ओरडून ओरडून घसा बसलेला. त्या विमलताई. गावात बालवाडी चालवायच्या. नवरा त्याच ढिगाखाली होता, आणि त्या दुसऱ्यांची माणसं काढायला हाका मारून राहिल्या होत्या. मी माईक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो परत माझ्याच हातात ठेवला. "भाऊ, माझा आवाज गेला. मी सांगते ते तुम्ही बोला."

तेव्हापासून मी बोलत राहिलो. "ऐका हो, रफिक बोलतोय." पाणी कुठं आलंय, डॉक्टर कुठं बसलेत, कोणाचं लेकरू कोणत्या तंबूत सापडलंय. विमलताई बाजूला उभ्या राहून हलक्या आवाजात सांगायच्या, मी भोंग्यातून सांगायचो. पुढे पत्र्याच्या शेडची वस्ती झाली, तेव्हा माझा आवाज आला की बाया चूल सोडून बाहेर यायच्या. कारण मी सांगितलेलं कधी चुकलं नव्हतं. एकदाही नाही. त्या दिवाळीला ताईंनी पत्र्याच्या शेडमध्ये मला ओवाळलं. मला सख्खी बहीण नाही. ते ताट अजून डोळ्यापुढे आहे — आणि तरीही.

शेडमध्ये वर्षं गेली. नवी गावं कुठं वसवायची, शेतापासून किती लांब, घर बाईच्या नावावर होणार की नाही — ताई प्रत्येक साहेबाच्या दारात जाऊन भांडायच्या, मागे वस्तीतल्या बाया. मग लोकसभा आली, आणि ताईंनी अपक्ष अर्ज भरला. चिन्ह मिळालं शिलाई मशीन. मी म्हटलं, "ताई, एकदम खासदारकीला?" तर म्हणाल्या, "घराचा पैसा दिल्लीवरून येऊन राहिला म्हणतात. मंग विचारायला तिथंच जावं लागंल न्हाई का?"

त्यांनी मला प्रचाराला ये म्हटलं नाही. माझं पोट त्यावर आहे, हे त्यांना कळत होतं. मी मोठ्या पक्षाच्या उमेदवाराचं काम घेतलं होतं. त्यात काही पाप नव्हतं. ताईच म्हणाल्या होत्या, "तुमचा धंदा तुम्ही करा." इथंपर्यंत मी स्वच्छ होतो. हे मुद्दाम सांगतो, म्हणजे पुढचं नीट दिसेल.

प्रचाराचा शेवटचा दिवस. तुम्ही तो दिवस कधी जीपमध्ये बसून बघितलाय? पाच वाजता भोंगे बंद. पाचनंतर एक शब्दही बोलला तर गाडी जप्त. त्यामुळे शेवटच्या तासात सगळा मुलूख पेटलेला असतो. चौकाचौकात चार-चार पक्षांच्या गाड्या समोरासमोर, धुरळा, ढोल, घसे फाटलेले. मी पंधरा दिवस नीट झोपलो नव्हतो आणि तरी माझ्या अंगात कोणी वीज सोडल्यासारखं झालं होतं. माझ्या बाजूला पक्षाचा तालुक्याचा कार्यकर्ता बसला होता. शेडच्या वस्तीचा फाटा दिसला तसा तो म्हणाला, "इथं काही गाडी नेऊ नका. इथली सगळी मतं त्या बाईला हायत. टाइम जाईल."

मी म्हटलं, "थांबा. मी बघतो."

ऐकलंत ना? मी म्हटलं. त्यानं सांगितलं नाही. कोणीच सांगितलं नाही. आजवर माझ्या मनात मी कितीदा ते वाक्य त्याच्या तोंडात घालून बघितलं. बसत नाही. ते माझंच आहे.

गाडी आत घातली. माईक तोंडापाशी धरला. "ऐका हो, रफिक बोलतोय." पत्र्याची दारं उघडायला लागली. बाया बाहेर आल्या. कडेवर लेकरं, हाताला पीठ. काशीबाई — ताईंचा उजवा हात, वस्तीत सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई — तिनं मला बघून हात केला. मीही केला. आणि बोललो, "विमलताई बसल्या. घरांसाठी त्यांनी आपल्या उमेदवाराला पाठिंबा दिलाय. ताईंचा निरोप आहे, शिलाई मशीनवर शिक्का मारून मत वाया घालवू नका." एकदा. मग पुढच्या गल्लीत. मग बाजूच्या दोन्ही वस्त्यांवर. पाच वाजायच्या आत सगळं उरकलं. पाचनंतर त्याला उत्तर द्यायला ताईंकडे भोंगा असता तरी उपयोग नव्हता. हे मला माहीत होतं. म्हणून तर सुचलं.

आणि कसं वाटलं? मजा आली. दुसरा शब्द मी शोधला, मिळाला नाही. बायांचे चेहरे एका वाक्यात बदलताना दिसले, आणि माझ्या छातीत असं काही उसळलं, की मी परतीच्या वाटेवर मोठ्यानं हसत होतो. अब्बांनी आयुष्यभर भोंगा वाजवला. त्यांच्या भोंग्यानं कधी मत फिरलं होतं का? माझ्या आवाजानं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दुकानात आल्या. आदल्या दिवशी त्या मतदारसंघाच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या, एसटीनं फिरत. मतदानाला अजून एक दिवस होता. घरोघर जाऊन सांगायला बंदी नव्हती. म्हणजे अजून वेळ होता — हे लक्षात ठेवा. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"रफिकभाऊ, तुम्ही वस्तीवर असं काही पुकारलं का?"

"न्हाई ताई. मी काल तिकडं नव्हतोच."

"बाया म्हणतात, तुमचाच आवाज हाय."

"माझी नक्कल करणारे लई झालेत आता. रफिक बोलतोय म्हणून कोणीबी ओरडतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही हो. संशयानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मी तेच म्हटलं त्यांना," त्या म्हणाल्या, "भाऊ असं करणार न्हाईत." आणि पाणीसुद्धा न पिता वस्तीकडे निघाल्या.

पुढे काय झालं, ते मला निकालानंतर कळलं. बाजारात काशीबाई भेटली. ती म्हणाली, "मी तुमाला हात केला, तुम्ही मला हात केला. अन् बाई येऊन सांगती, रफिकभाऊ नव्हतेच म्हणून. मंग खोटं कोण बोलून राहिलं? बसल्या तर बसल्या म्हणावं, आमच्यापुढं कशाला लपवावं?"

कळलं का तुम्हाला? ताईंनी मला वाचवलं, म्हणून त्या खोट्या ठरल्या. माझ्या पहिल्या खोट्यातून त्या कदाचित निभावल्या असत्या. दुसऱ्यानं बुडवल्या. आणि काशीबाईला मी तिथल्या तिथं एक खरं वाक्य सांगितलं असतं तरी पुरे होतं. मी म्हटलं, "जाऊ द्या मावशी, राजकारण हाय."

ताईंची अनामत गेली. ती जाणारच होती, त्यांनाही माहीत होतं. मोठ्या पक्षाचा माणूस माझ्या थापेवाचूनही आरामात निवडून आला असता. पण तेव्हा मतपत्रिका मोजायच्या, आणि कोणत्या वस्तीनं कोणाला दिलं याचा अंदाज मोजणीच्या टेबलावरूनच बाहेर यायचा. ताईंच्या स्वतःच्या वस्तीनं त्यांना दिलं नव्हतं. ना ताईंनी वस्तीला विचारलं, ना वस्तीनं ताईंना. ताईंनी बालवाडी दुसऱ्या बाईकडे दिली आणि नांदेडला भाचीकडे राहायला गेल्या. घरं झाली. जिथं वस्तीला नको होती तिथं, शेतापासून लांब. भांडायला पुढे कोणी नव्हतं.

आणि माझं? माझं बरं चाललं. लातुरात क्लासेसचे दिवस आले. भिंत दिसली की पाटी, पाटीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. बाहेरगावच्या पोरांनी खोल्या भरल्या. प्रवेशाची जाहिरात ऑटोवरून माझ्याच आवाजात. स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासच्या सरांनी माझ्या निवडणुकीच्या गप्पा ऐकल्या आणि मला पोरांपुढे उभं केलं. हॉल गच्च. मी बैलगाडीपासून सुरुवात केली, पोरं टाळ्या देऊन राहिली. दर वर्षी बोलावणं. मग केबलच्या चॅनेलवर, निकालाच्या दिवशी, गळ्यात कार्ड घालून — निवडणूक अभ्यासक.

त्या निवडणुकीपाशी आलो की मी सांगायचो, "भूकंपग्रस्त महिलांची सहानुभूती अपक्ष उमेदवाराला होती, पण मतदार ऐनवेळी ताकदवान उमेदवाराकडे वळतो." पोरं उतरवून घ्यायची. एका मुलीनं विचारलं होतं, "पण सर, स्वतःच्या वस्तीतसुद्धा?" मी म्हटलं, "तोच तर अभ्यासाचा विषय आहे." तिनं तेही उतरवून घेतलं.

नांदेडला एका कार्यक्रमाला गेलो होतो, तेव्हा ताईंना भेटलो. पत्ता ठाऊक होता, टाळत आलो होतो. त्या म्हाताऱ्या दिसत होत्या. घसा तसाच, भूकंपानंतर पुरता कधी सुटलाच नाही. भाचीला म्हणाल्या, "हे आमचे रफिकभाऊ, टीव्हीवर येतात ते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं बोलणं ऐकलं भाऊ. मला इतकी वर्षं वाटायचं, माझं काय चुकलं, माझ्या बाया मला अशा कशा सोडतील? तुम्ही सांगितलं तवा समजलं. मतदार असाच असतो. कोणाचं चुकलं नसतं."

खोलीत आम्ही तिघंच होतो. कार्यक्रमाला वेळ होता. मी चहा प्यालो. भाचीनं केळीचे वेफर्स दिले, तेही खाल्ले. आणि उठलो.

त्यानंतर वर्षभरात भाचीचा फोन आला. मी वस्तीच्या नव्या गावात जाऊन काशीबाईला सांगितलं, ताई गेल्या. ती दारात बसून शेंगा फोडत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "आमच्यासाठी तवाच गेल्या होत्या." मी तिच्यासमोर उभा होतो. तेव्हाही नाही बोललो.

गेल्या निकालाच्या दिवशी मी पुन्हा चॅनेलवर होतो. दिवसभर बोललो. ती निवडणूक आली, आणि मी तेच सांगितलं, त्याच चढत्या आवाजात, आणि समोरच्या निवेदकानं मान डोलावली तेव्हा मला पुन्हा तसंच उसळून आलं.

त्या निवडणुकीत खरं काय झालं, ते एवढंच. शेडच्या वस्तीवर जो बोलला तो मीच होतो. विमलताई कोणासाठी बसल्या नव्हत्या. त्या शेवटपर्यंत उभ्या होत्या.