सोलकढी पिणारा वजीर

हाशमचाचांना ज्याच्या नावावर थापा माराव्यात असा कुणीतरी लागतोच, आणि तो माणूस त्यांना हजार वर्षांपूर्वीच्या इराणात सापडला. रत्नागिरीहून आलेले आमचे चाचा जेद्दाच्या बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, अत्तर विकत. बाटलीचं बूच निघालं की त्या इराणी वजिराची गोष्ट सुरू. दुसऱ्या एका राजाने मोठ्या पदावर बोलावलं, तर या विद्वानाने म्हणे कळवलं, "माझी पुस्तकं वाहायलाच चारशे उंट लागतील. मी येत नाही." एवढी गोष्ट जुनीच. पण चाचांच्या तोंडी वजीर दरवर्षी थोडा कोकणी होत गेला आणि शेवटी जेवणानंतर सोलकढी पिऊ लागला.

मग नियम आला : काउंटरवर फक्त सौदी माणूस. कफीलने, म्हणजे चाचांच्या सौदी मालकाने, उसामाला आणलं. नुकतं लग्न झालेला, भिडस्त. चाचा पडद्यामागे बाटल्या भरायला. "रमजानपर्यंत धंदा टिकला तर दोघंही राहा," कफील म्हणाला, "नाहीतर दुकान खलास." म्हणजे चाचांचा इकामा, तिथे राहायचा परवानाही खलास. माझं डोकंच फिरलं. चाचा मात्र उसामाला वजीर शिकवायला बसले.

"तेचा काय चुकला रे?" मला म्हणाले. "तेला पन घर हाय."

एका दुपारी मी काम करायचो त्या समोरच्या हॉटेलातून चहा घेऊन गेलो, तर काउंटरपाशी उमऱ्याला आलेले एक वृद्ध इराणी प्राध्यापक. उसामाने वजीर सुरू केला. उंट ठीकठाक गेले. मग तो ठासून म्हणाला, "आणि जेवणानंतर वजीर सोलकढी प्यायचे." बिचाऱ्याला तीही इतिहासातलीच वाटत होती. माझा निम्मा चहा सांडला.

"मी आयुष्यभर हाच इतिहास शिकवला," प्राध्यापक म्हणाले. "ही सोलकढी कुठली?"

चाचा मान खाली घालून बाहेर आले. "साहेब, ती माझ्या गावची. वजिराला मीच पाजली."

म्हातारबुवा इतके हसले की बसायला खुर्ची द्यावी लागली. शुक्रवारी ते आमच्या खोलीवर जेवायला आले, पेल्यावर पेले सोलकढी प्याले आणि सोबतच्या सगळ्या यात्रेकरूंना दुकानात घेऊन आले. त्यांनी आणखी कुणाकुणाला धाडलं.

रमजान आला, दुकान चालूच होतं. चाचांच्या इकाम्याचं काम झाल्याचं कळलं, तेव्हा मला रडू आलं. आनंदाचं होतं, लपवू कशाला? सांगायला धावत गेलो तर चाचा पडद्यामागे कान देऊन उभे. बाहेर उसामा गिऱ्हाइकाला सांगत होता, "वजिराने राजाला कळवलं, चारशे उंट मिळतीलही. पण माझा हाशम इथे आहे, त्याला सोडून मी येत नाही."

हे चाचांनी त्याला शिकवलं नव्हतं.