भार काढल्यावर

आई गेल्यानंतर बाबांना मी शहाडहून घोडबंदर रोडला माझ्याकडे आणलं, तेव्हा ते ताठ चालत होते. नऊ वर्षं त्यांनी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं एकट्याने केलं होतं. बाई ठेवू या म्हटलं की "तुझ्या आईला परक्याचा हात चालत नाही" असं म्हणून मला गप्प करायचे. तिला चालला असता, मला माहीत होतं. पण मराठीच्या मास्तरांपुढे, तेही स्वतःच्या बापापुढे, कोण बोलणार?

माझा स्वभाव तापट. प्रेमसुद्धा मी दरडावूनच करते. त्यांनी घरात पाऊल टाकलं तसं सांगून टाकलं, "आता तुम्ही इकडची काडी तिकडे करायची नाही. पुष्कळ केलंत." चहाचं भांडं हातातून काढून घेतलं. गोळ्या मी काढून द्यायची, कपड्यांच्या घड्या कामाला येणारी बाई घालायची. खाली जाऊन भाजी आणतो म्हणाले तर मी डाफरले, "कशाला? ॲपवर येते ना." नातेवाईक त्यांना म्हणाले, सुटलात एकदाचे. मीही मान डोलावली.

चार महिन्यांत त्यांची पाठ वाकली. पाय घासत चालायला लागले. तीन पोळ्यांवरून अर्ध्या पोळीवर आले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. "वय झालं," म्हणाले. वय काय चार महिन्यांत होतं? मला भीती वाटायला लागली, खरं सांगते. डोळ्यांदेखत माणूस संपत चालला होता आणि मला कारण सापडत नव्हतं.

मी कल्याणच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. मराठी शाळेतून आलेली मुलं इंग्रजी पुस्तक बघूनच गार पडतात, म्हणून त्यांच्यासाठी मराठीत नोट्स लिहीत होते. विषय होता डीएनए. एका रविवारी सकाळी ती पानं मी बाबांपुढे टाकली. "शुद्धलेखन बघून द्या. तुमची पोरगी अजून ऱ्हस्व-दीर्घ चुकते." ते जरा हसले. किती दिवसांनी!

पेन घेऊन बसले. तासाभराने हाक आली, "अगं, इकडे ये. हे उलटं लिहिलंयस."

वाक्य असं होतं: डीएनएचा धागा त्याच्यावरच्या भारामुळे ताठ राहतो, एका बाजूचा भार नाहीसा झाला की तो त्या बाजूला वाकतो.

"भार पडला की वस्तू वाकते. काढला की सरळ होते. फांदीचं बघ," ते म्हणाले. अगदी वर्गातला आवाज.

"बाबा, भार म्हणजे वजन नाही हो. विद्युतभार. चार्ज."

"मग प्रभार लिही. पोरं माझ्यासारखीच फसतील."

बरोबर होतं त्यांचं. इतकी वर्षं तो शब्द वापरतेय, मला कधी खटकला नव्हता. पण मास्तरांची शंका एवढ्यावर फिटते थोडीच? शेजारी बसून समजावलं. धाग्याच्या दोन्ही कडांना फॉस्फेटचे गट असतात, सगळ्यांवर ऋणभार. सारखे भार एकमेकांना ढकलतात, जवळ येऊ देत नाहीत. धागा ताठ राहतो तो एकट्या त्यामुळे नाही, पण त्याचाही त्यात मोठा वाटा. मग धनभार असलेलं एखादं प्रथिन एका बाजूला येऊन चिकटतं आणि तिथला भार नाहीसा करतं. दुसऱ्या बाजूची ढकलाढकली चालूच असते, आणि धागा या मोकळ्या झालेल्या बाजूकडे वाकतो.

"म्हणजे वरून कोणी दाबत नाही त्याला?"

"नाही. नुसता भार जातो."

बाबांनी पेनला टोपण लावलं. "मग वाक्य बरोबर आहे," म्हणाले. "राहू दे तसंच."

मी पानं गोळा करायला लागले तर म्हणाले, "तुझ्या आईला पहाटे पाचला कुशीवर वळवावं लागायचं. नाहीतर पाठीला जखमा होतात. मला अजून पाचला जाग येते. उठून बसतो. बसूनच राहतो. काय करू, सांग ना."

सुटलात, सुटलात म्हणत मीच त्यांच्या हातातलं एकेक काढून घेतलं होतं, आणि वर उपकार केल्याचा तोरा. "चुकलं माझं, बाबा," एवढंच म्हटलं.

"तुझं काय चुकलं? मला शहाडला सोडून ये."

हे त्यांनी आधीही तीनदा म्हटलं होतं आणि तीनही वेळा मी उडवून लावलं होतं. या वेळी गाडी काढली. ट्रॅफिकमध्ये दीड तास गेला.

कुलूप त्यांनीच उघडलं. घरभर धूळ होती. खिडकी उघडायलाही न थांबता ते सरळ आतल्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले, तोवर त्यांनी कपाटातून धुतलेली चादर काढली होती आणि आईच्या रिकाम्या कॉटवर घालत होते, एकेक कोपरा गादीखाली नीट खोचत. समोरचं टोक धरायला मी हात पुढे केला, आणि मागे घेतला.