वरची फळी कोणी धरली

भुताखेतांच्या गोष्टी मी वाचत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, त्यामुळे अशी पुस्तकं हातात येतात, पण कपाटात लावण्यापुरती. हे लिहितेय ते तुमचा विश्वास बसावा म्हणूनही नाही. आमच्या घरात जे झालं ते दुसऱ्या कुणी रंगवून सांगण्याआधी मीच सांगावं, एवढंच.

आम्ही ऐरोलीला राहतो, तळमजल्यावर. मागची बाल्कनी बंद करून बाबा तिथे व्हायोलिनं बनवायचे. आजोबा गिरगावात हे काम शिकले, त्यांच्याकडून बाबा आणि काका. काका पुढे न्हावा शेव्याला नोकरीला लागले, उरणला गेले. बाबांनी काम सोडलं नाही. यंदा ते गेले तेव्हा टेबलावर एक व्हायोलिन अर्धवट होतं. पाठ आणि कडेच्या पट्ट्या जोडलेल्या, वरची फळी कोरून तयार, पण अजून वेगळी. आम्ही त्याला उघडं खोकं म्हणतो.

घराण्यात एक रीत आहे. बनवणारा गेला आणि खोकं उघडं राहिलं, तर ते दुसऱ्या कुणी बंद करायचं नाही. समुद्रात सोडायचं.

तेराव्याला पंगत उठल्यावर काकांनी विषय काढला. "रविवारी येतो. उरणला मोऱ्याच्या धक्क्यावरून खोकं सोडून येऊ."

"नाही काका. मी बंद करणार."

"तू? अगं, तू फक्त फळी धरायचीस. धरणं वेगळं, बनवणं वेगळं."

"लहानपणापासून बघतेय सगळं."

"मी पण लहानपणापासून क्रिकेट बघतोय. घेतलं का कोणी टीममध्ये?" स्वतःच हसले. "आजोबांचं खोकं आम्ही दोघांनी सोडलं. तुझा बाप रडला, पण सोडलं त्यानं. तू त्याच्यापेक्षा शहाणी काय?"

आई इतकंच म्हणाली, "भाऊजी, ताक घेता?"

मला एक पळवाट दिसत होती. समुद्रात सोडायची रीत उघड्या खोक्याची आहे. रविवारच्या आत फळी बसली, तर ते खोकं उघडं राहत नाही. बाबांनी महिनोन्महिने कोरलेलं लाकूड मी पाण्यात जाऊ देणार नव्हते.

अडचण होती ती हातांची. फळी चिकटवतात सरसानं – जनावराच्या कातड्यापासून केलेला, गरम करून लावायचा. तो पटकन थिजतो. एकटा कारागीर थोडी थोडी कड चिकटवत जातो. आमच्याकडे मात्र सबंध कड एका दमात, म्हणून माणसं दोन. एकानं फळी जागेवर दाबून धरायची, दुसऱ्यानं भराभर क्लॅम्प, म्हणजे शिकंजे, आवळायचे. मी धरायचे, बाबा आवळायचे. "थोडं डावीकडे... बास," असं सांगत.

शनिवारी दुपारी मी सरस तापवला. वाऱ्यानं थिजू नये म्हणून खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. आईला धरायला बोलावलं. ती दारातूनच म्हणाली, "मी हात लावणार नाही. तुला अडवणारही नाही." आणि स्वयंपाकघरात गेली.

मी ठरवलं होतं, थोडं थोडंच करायचं. पण ब्रश हातात घेतला आणि हात बाबांच्या पद्धतीनं चालला... सबंध कडेला सरस लावून झाला तेव्हा लक्षात आलं – धरायला कोणी नाही.

फळी ठेवली. खालच्या बाजूचे क्लॅम्प आवळायला घेतले, तशी फळीची वरची, मानेकडची बाजू उचलली गेली. फटीतला सरस घट्ट होत चाललेला दिसत होता. आता थिजला की सगळं खरवडून काढायचं, म्हणजे रविवार हुकला. रडू आलं नाही, राग आला. बाबांचा, काकांचा, सगळ्यांचाच.

आणि वरची बाजू खाली बसली.

अलगद नाही. कुणी दोन्ही तळव्यांनी दाबावी तशी. कडेनं सरसाचे थेंब बाहेर आले. माझे दोन्ही हात खालच्या क्लॅम्पवर होते. फळी केसभर उजवीकडे होती, आणि सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "थोडं डावीकडे."

ती डावीकडे सरकली.

"बास," मी म्हणाले. थांबली.

मी उरलेले क्लॅम्प आवळले. शेवटचा आवळला तेव्हा फळीवरचा दाब गेला. म्हणजे नेमकं काय गेलं, ते मला सांगता येत नाही.

आई दारात उभी होती. "कोणाशी बोलत होतीस?"

"बाबांशी."

तिनं खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली.

रविवारी काका आले. खोकं उचलून त्यांनी सांध्यावरून नख फिरवलं, सबंध. कुठे अडकलं नाही. ही जोडणी एका दमात झालीय, हे त्यांना लगेच कळलं.

"धरलं कोणी?"

मी काही बोलण्याआधी आई म्हणाली, "घरातल्याच माणसानं."

"वहिनी, तुम्ही?"

"मी कुकर लावत होते."

काकांनी खोकं खाली ठेवलं. "हे मला पटलेलं नाही," म्हणाले, आणि चहा न घेता निघाले. रिकाम्या हातानं निघाले, हे महत्त्वाचं.

कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, ओलं लाकूड वाकतं. वाकतं, मला माहीत आहे. पण सरस खालून लागला होता. त्यानं खालची बाजू फुगून कड वर उचलायला हवी, खाली दाबायला नव्हे. आणि सांगितल्यावर डावीकडे सरकायचं, बास म्हटल्यावर थांबायचं, हे कुठलं लाकूड करतं? यावर ते म्हणाले, तुम्ही दुःखात होता. होतेच. दुःखात असलेल्या बाईचा सांधा असा बसत नाही, एवढंच मी म्हटलं.

सोसायटीतल्या एका काकूंनी शांत करून घ्यायला सुचवलं. कोणाची शांत? कामाला हात लावायला आलेल्या माणसाला हाकलायचं, आणि वर दक्षिणा द्यायची?

खुलासा माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. पण "भास" हा शब्द चालणार नाही.

मान बसवून झाली, आणि गेल्या आठवड्यात त्या व्हायोलिनला तारा चढवल्या. आवाज कच्चा आहे, जाड तारेवर जरा घोगराच. बाबांच्या हातचं व्हायोलिन असं कधी वाजलं नसतं. ते मी बंद केलंय, त्यामुळे तो आवाज माझा आहे. पुढचं लाकूड मागवलंय.