उपग्रहाला खोटं पाडलं तेव्हा

एका उपग्रहाला मी भर कचेरीत खोटारडा ठरवलं होतं, ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे? पण तुम्ही विचारलंत. घ्या, चहा घ्या, सांगतो.

ऐंशीच्या दशकातलं नेरूळ. नुसता माळ, मध्ये चार इमारती, त्यातल्या एकीत आम्ही नवरा-बायको. माझी नोकरी हवामानाची. हवेत किती उंचीवर किती ओलावा आहे, हे उपग्रह वरून सांगायचा. तो खरं सांगतो का, हे पडताळायला आम्ही खालून फुगा सोडायचो. फुग्याला एक डबी, डबीबाहेर ओलावा मोजणारी पट्टी. आकडे रेडिओवरून खाली यायचे. पहिला फुगा मी सोडणार होतो. नीट झालं तर पुढचं सगळं काम माझ्याकडे येणार होतं.

निघताना कुसुमने, माझ्या बायकोने, हातात पुडी ठेवली.

"अहो, पहिलंच यंत्र आहे. हळदकुंकू वाहा."

"अगं, विज्ञान आहे ते!"

"मग? स्कूटर काय होती? तिला नव्हतं वाहिलं?"

पुडी खिशात टाकून मी माळावर गेलो. डबीची तपासणी झाली, साहेबांनी पाठ फिरवली, आणि मी हळद पाण्यात कालवून बोट टेकवलं. कुठे? जागा दिसली तिथे!

फुगा गेला. आकडे आले. खाली दमट, वर दमट, त्याच्याही वर दमट! उपग्रह म्हणत होता, कोरडं.

"पाटणकर, जानेवारी चालू आहे," साहेब म्हणाले. "नक्की ना?"

"शंभर टक्के, सर. उपग्रहच चुकतोय."

कोरड्या हवेने माझे स्वतःचे ओठ फुटले होते हो! तरी वरच्या कचेरीला तार गेली. माझ्या नावानिशी.

डबीवर आमचा पत्ता असायचा. काही दिवसांनी उरणहून निरोप आला, डबी सापडली. साहेब म्हणाले, चला, तुमचा पुरावा घेऊन येऊ. मी ऐटीत निघालो.

एका म्हाताऱ्या कोळणीच्या घरी डबी होती. देव्हाऱ्यात! वर झेंडूचं फूल.

"मावशी, ही आमची आहे."

"तुमची कशी? आभालातना आयली. हलद लावलेली हाय. देव हाय यो. नाय देनार."

साहेब हसले. मग वाकून पाहिलं, आणि हसू मावळलं. पट्टीवर माझ्या बोटाचा पिवळा ठसा.

"पाटणकर, पट्टीवर ओली हळद कोणी लावली?"

आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"मिसेसनी, सर."

"मिसेस माळावर आल्या होत्या?"

"नाही, सर."

"बायकोवर ढकलतंय बग, मेला!" मावशी म्हणाली.

माफीची तार मीच लिहिली. पुढचे फुगे दुसऱ्याने सोडले. घरी सांगितलं, तर कुसुम रागावली नाही, पोट धरून हसली. "वाहा म्हटलं होतं, सारवा नव्हे!"

ती गेली, त्याला आता दोन वर्षं होतील.

परवा दूध उतू गेलं. घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तरी मी मागे वळून पाहिलं, कोणाच्या माथी मारता येईल म्हणून.