अनसूयेची बशी

भोरच्या बाजारपेठेत मी गाडीच्या साखळीचं लॉक, म्हणजे साखळीची दोन टोकं जोडणारी कडी घेत होतो, तेवढ्यात दिलीपचा फोन आला. दिलीप माझा मुलगा, पुण्याला कंपनीत असतो. सकाळच्या वेळी तो कधी फोन करत नाही. "आबा, कुठं आहात? लगेच घरी जा," एवढंच बोलला. मी म्हटलं, "का रं, म्हैस व्याली का काय?" तिकडून तो रडायलाच लागला. माझी बायको अनसूया उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. सूप मांडीवर होतं, तशीच भिंतीला कलली. शेजारणीनं हाक मारली तेव्हा ती गेलेली होती. दुकानदार म्हणाला, "मिस्त्री, हे लॉक न्यायचंय ना?" मी ते खिशात टाकलं. तिच्या गाडीचं होतं. टाकून कसं येणार?

हे सगळ्यात आधी लिहितो, कारण गावात वेगळंच चाललंय. म्हातारी त्या चार चाकी गाडीनं गेली म्हणतात. खड्ड्यात आदळली, डोक्याला हिसका बसला, म्हातारपणी थेर केले… साफ खोटं. त्या दिवशी गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती, साखळी काढलेली. साखळीशिवाय गाडी जागची हलत नाही, एवढी तरी अक्कल बोलणाऱ्याला पाहिजे. दहाव्याला आमचा चुलतभाऊ तात्या चार माणसांत म्हणाला, "मिस्त्री, बायकूला असलं खेळणं कशाला आणून दिलं व्हतं?" मी म्हटलं, "तात्या, जेवा आणि जावा." मी चौथी शिकलेला माणूस. गोड बोलणं चौथीपर्यंत शिकवत नसावेत.

आता गाडीचं सांगतो. आमचं गाव पालीच्या अलीकडं. खाली भाताची खाचरं आणि वर डोंगराच्या उतारावर आमची वरकस, म्हणजे नाचणी-वरईची जमीन. लग्न होऊन आली तेव्हापासून ती वरकस अनसूयेचीच. मी शिवऱ्याला हायवेच्या कडेला गॅरेज घालून बसलो होतो, तीस वर्षं. रविवारी यायचो, भाकरी खायचो, जायचो. वर बांध कुठं फुटलाय, कुठल्या तुकड्यात डुक्कर शिरतंय, ते तिला ठाऊक. मग तिचे गुडघे गेले, दोन्ही. डॉक्टर म्हणाले, चढ-उतार बंद. घरी आल्यावर मीच म्हटलं, "सोड ते रान. पडू दे पडीक. मला बी दमा हाय, मी काय वर येनार न्हाई." ती दोन दिवस बोलली नाही. एरवी तिचं तोंड झोपेत पण बंद नसायचं, हे शेजारी सांगतील.

त्याच सुमाराला जवळचं एक रिसॉर्ट बंद पडलं. त्यांच्याकडं माळावर पळवायच्या त्या बुटक्या गाड्या होत्या, एटीव्ही म्हणतात. चार फुगीर टायर, एकाच माणसाची सीट, पायात गिअर. पुण्याची पोरं गॉगल लावून धुरळा उडवायची. बाकीच्या विकल्या गेल्या, एक तांबडी तेवढी राहिली, इंजन तापतं म्हणून. ती मी भंगारात घातली जायच्या आधी टेम्पोत टाकून आणली, नुसता उद्योग म्हणून. अनसूयेनं गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "ही वरकशीला चढंल का?"

मी म्हटलं, "चढंल, पण अर्ध्यात इंजन धरंल, जाम हुईल." तिला समजावून सांगितलं. हे इंजन वाऱ्यावर थंड होतं. सपाटीला पळवली की वारा लागतो. आपल्या चढाला ती पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीनं जाणार, वारा कुठनं लागायचा? तेल तापतं, पाण्यासारखं पातळ होतं, आणि मग आत लोखंडाला लोखंड घासतं. मी सांगत होतो आणि हातात चहा होता. गरम होता म्हणून बशीत ओतून फुंकर मारली. ती माझ्या हाताकडं बघत म्हणाली, "मग त्याचं तेल बी बशीत वता की. गार झालं की परत आत सोडा."

मी इतका हसलो की चहा धोतरावर सांडला. हसू ओसरल्यावर लक्षात आलं, की असली वस्तू असते. मोठ्या मोटारसायकलींना मी स्वतः बघितली होती. जाळीदार पत्र्यांची चपटी पेटी, तेल एका नळीनं आत जातं, वारा खातं, दुसऱ्या नळीनं इंजनात परत येतं. तिला ऑइल कूलर म्हणतात. तीस वर्षं मी इंजनं खोलली आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. जी बाई गाडीवर कधी बसली नव्हती, तिच्या डोक्यात आलं. आज सगळे म्हणतात, मिस्त्रीनं काय डोकं लावलं. मी काही लावलं नाही. मी नुसते नट-बोल्टचे पाने फिरवले.

ती अंगणात गोल गोल फिरून गाडी चालवायला शिकली, तोवर मी भंगारातून एका मोडक्या मोटारसायकलचा कूलर काढला. शिवऱ्याच्या लेथवाल्याकडून फिल्टरचं झाकण नवं करून घेतलं, दोन तोंडांचं, एक जायला, एक यायला. प्रेशरच्या नळ्या टाकल्या. गाडी चालीनंच जाणार म्हणून कूलरच्या मागं छोटा पंखा बसवला. कूलर मी खाली, पुढच्या बंपरमागं लावत होतो. ती ओरडली, "तिथं चिखुल उडतोय. नाकात चिखुल भरल्यावर तुमी श्वास घेताल का?" काढला, हँडलखाली उंच बांधला. मग इंजनावर जेवढं लिहिलंय तेवढं तेल मोजून भरलं आणि म्हटलं, जा.

माझी जुनी पँट घातलेली, वरून लुगडं घट्ट खोचलेलं, डोक्याला टॉवेल. अशी ती निघाली, आणि अर्धं गाव बघायला. मी काठी टेकत, खोकत मागनं. निम्म्या चढाला इंजनाच्या डोक्यातून टकटक ऐकू आली. मी हाक मारायच्या आत तिनं गाडी बंद केली, दगड लावला, खाली उतरली. मला राग आला. लोकांसमोर फजिती झाली होती. मी ओरडलो, "झालं समाधान? तुझा कूलर आणि तुझं डोकं! इंजन खाल्लंस!"

ती दगडावर बसली, गुडघे चोळत. म्हणाली, "अहो, कपातला चहा बशीत वतला, तर कपात किती ऱ्हाईल?"

खरं सांगतो, कानाखाली बसली असती तरी इतकं लागलं नसतं. इंजनात तेल पूर्वीइतकंच भरलं होतं, आणि त्यातलं कूलरनं आणि दोन नळ्यांनी आपल्यात घेतलं होतं. आत कमी पडलं. पहिल्या महिन्यात शिकायला आलेल्या माणसाला पण हे सांगायचं असतं, की कूलर लावला की गाडी थोडी चालवायची, बंद करायची, परत तेल बघायचं आणि वरून भरायचं. मी गॅरेजात दुसऱ्यांना शिव्या घालून शिकवलेलं, मीच विसरलो. पाव लिटर लागलं. टकटक गेली. इंजन वाचलं, कारण तिनं वेळेवर बंद केली, आणि मी वर तिच्यावरच ओरडलो होतो… ते मला आता आठवतं. त्या दिवसापासून कूलरचं नाव बशी. "अहो, बशी पुसली का? अहो, बशीचा पंखा वाजतोय." गावात पोस्टमनपर्यंत सगळे बशीच म्हणायला लागले.

दोन हंगाम ती वर गेली. एकटी. मी नाही गेलो. दमा होताच, पण खरं कारण दमा नाही. मी म्हटलं होतं ना, येणार नाही म्हणून. मग जायचं कसं? ती खाली आली की अंगणात गाडी चालूच ठेवायची, आणि विरजण लावताना दूध बघतात तसं बोटानं दोन्ही नळ्या बघायची. जाणारी चटका देणारी, येणारी सोसवणारी. तशी लागली की म्हणायची, "बरी हाय." मला विचारायची, "येता का उद्या?" मी म्हणायचो, "सीट एकाचीच हाय." ती म्हणायची, "मग तुमी बसा, मी चालत येते." गुडघे गेलेली बाई मला असं म्हणायची. मला हसू यायचं आणि मी पेपर तोंडासमोर धरायचो.

तेराव्यानंतर दिलीप म्हणाला, "आबा, गाडी काढून टाकू. पुण्याला चला माझ्याकडं." पोरगं वाईट नाही, काळजीनं म्हणालं. मी विचारलं, "वर नाचणी उभी हाय, तिचं काय?" तो म्हणाला, "राहू दे. पाखरं खातील. एका वर्षानं काय होतंय?" एका वर्षानं रान पडीक होतं, ते होतं. आणि पुढच्या वर्षी मग कोण जाणार? तात्या शेजारीच होता. म्हणाला, "तुमाला ती गाडी चालवाया तर येती का, मिस्त्री?" येत नव्हती. दुरुस्त करता यायची. बसायची भीती वाटायची. गाड्या सरळ करणारा माणूस गाडीला भितो, हे बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

भोरहून आणलेलं लॉक लावून मी साखळी चढवली. तीन दिवस अंगणात गोल गोल फिरलो. चौथ्या दिवशी सकाळी वर गेलो. पहिला गिअर, चालीची गती. घाम फुटला, दोनदा बंद पडली, माझ्या पायानं. टकटक नाही. नाचणी पिकून करडी झाली होती, कणसं मुठीसारखी वळलेली. पाखरांनी कडेच्या दोन ओळी खाल्ल्या होत्या, तेवढ्याच.

तेल बघायचं म्हणून सपाट जागा शोधायला लागलो. गाडी तिरकी असली की तेलाची पट्टी खोटं सांगते, हे मी तिला हजारदा बोललेलो. डोंगराच्या उतारावर सपाट कुठली असणार? आंब्याखाली चार चपटे दगड दिसले. जमिनीत पुरलेले, वरच्या बाजूचे दोन खोल, खालचे दोन उंच, खाली चिपा ठोकून. टायर त्यांच्यावर नेले तर चारी चाकं बरोब्बर बसली. पाण्याची बाटली सीटवर आडवी ठेवली. आतला बुडबुडा मधोमध थांबला. हलला नाही.

असले दगड दोन माणसांना उचलत नाहीत. तिनं गुडघ्यांवर बसून ढकलत आणले असणार, दिवस लागले असतील. मला एका शब्दानं सांगितलं नाही. सांगायचं कशाला, ज्यानं यायचंच नव्हतं त्याला?

पट्टी पुसली, घातली, काढली. तेल वरच्या खुणेला होतं, काठोकाठ. तिनं भरलेलं. मी तिथंच दगडाला टेकून बसलो. पोटभर रडलो, ते लपवत नाही. मग विळा काढला.

अर्धं वावर कापून झालंय. दिलीपला सांगितलं, गाडी विकायची नाही आणि मी पुण्याला येत नाही. तात्यालाही सांगितलंय, बोलायचं असलं तर वर येऊन बोला. अजून आला नाही. चढ मोठा आहे.